शाळेच्या सहलीला गेलेला भाऊ विमान अपघातात गेला, त्याची आठवण कशी जपायची

९ ऑगस्ट १९६१ ला इंग्लंडमधल्या क्रॉयडनच्या लॅनफ्रँक शाळेची मुलं नॉर्वेला कॅम्पिंगला निघाली होती. स्टाव्हांगरला उतरायच्या आधीच विमान होल्टाच्या डोंगरावर आदळलं, ३४ मुलं, २ शिक्षक, ३ क्रू, ३९ पैकी कुणीच वाचलं नाही. घरी राहिलेली त्यांची भावंडं आता म्हातारी झालीत.

असं काही झालं की सगळे आईबाबांचीच चौकशी करतात आणि भावंडाला सांगतात, आता तूच आहेस त्यांना, रडू नकोस. म्हणून आधी हे मनात पक्कं करा की तुमचं दुःख तुमचं आहे, कितीही वर्षांनी ते बोलायला परवानगी लागत नाही.

मग अपघात आणि भाऊ वेगळे ठेवा, म्हणजे खरंच दोन खोके करा. एकात पेपरची कात्रणं, चौकशीचा रिपोर्ट. दुसऱ्यात फक्त तो, त्याची वही, पत्रं, फोटो. वहीच्या मार्जिनमध्ये काढलेली विमानं, खोडलेली गणितं, आतल्या पानावर शाईने लिहिलेलं नाव, हे सगळं आधी स्कॅन करा, लॅमिनेशन अजिबात करू नका. कात्रणं फोटोंना चिकटवून ठेवू नका, त्या कागदातल्या आम्लाने फोटोवर डाग पडतात. फोटोमागे बॉलपेनने नाही, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नाव आणि साल लिहा. चिकट पानांचे अल्बम पण नकोत.

आठवणी लिहाल तेव्हा भांडणं पण लिहा प्लीज, सायकल कोणाची यावरून झालेली मारामारी, त्याचा तो चिडका आवाज, सगळं. गेलेल्याला घरात देव करून टाकतात आणि मग खरा भाऊ हरवतो.

त्याच्या वर्गातली, सहलीला न गेलेली मुलं शोधा. पण अचानक फोन नको, आधी पत्र किंवा मेसेज, कारण आपण वाचलो हे ओझं त्यांच्याही मनावर असू शकतं. छोटे प्रश्न विचारा, तो कुठल्या बाकावर बसायचा, त्याला काय हाक मारायचे.

रिपोर्ट वाचायचा असेल तर कोणीतरी सोबत असू दे. लॅनफ्रँकच्या विमानाने मार्ग का सोडला हे चौकशीतही पक्कं कळलं नाही, त्यामुळे उत्तर मिळालं की शांत होईन असं स्वतःला बांधून घेऊ नका.

स्मारक होल्टाच्या डोंगरावर आहे आणि क्रॉयडनच्या मिचम रोड दफनभूमीत पण. लांब जाणं झेपत नसेल तर जवळचं पुरे. आणि माझ्या मते अपघाताच्या तारखेपेक्षा त्याचा वाढदिवस पाळा, ती तारीख सगळ्या ३९ जणांची आहे, वाढदिवस त्याचा एकट्याचा.

एक शेवटचं, "तुम्ही भावंडं किती?" हा प्रश्न कोणीही कुठेही विचारतं आणि घशात आवंढा येतो. उत्तर आधीच ठरवून ठेवा. "आम्ही दोघं, मोठा भाऊ शाळेत असतानाच गेला." पुढचं सांगायचं की नाही ते समोरचा माणूस बघून ठरवा.