पार्लर आणि तान्हं बाळ: अपॉइंटमेंट दुधाच्या वेळेनुसार लावा
सांगलीत विश्रामबागला माझं छोटंसं पार्लर आहे, बाळ आता पाच महिन्यांचं, तर ज्या मैत्रिणी बाळंतपणानंतर परत काम सुरू करतायत त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. दिवसाची डायरी कस्टमरच्या वेळेवर नाही तर बाळाच्या दुधाच्या वेळेवर आखा. म्हणजे पाजून झालं की लगेच फेशियल किंवा हेअर कलर घ्यायचं कारण त्याला तास-दीड तास जातोच, आणि आयब्रो, वॅक्सिंग असली छोटी कामं पुढच्या फीडच्या आधी, कारण ती थोडी मागेपुढे झाली तरी चालतं. दोन अपॉइंटमेंटमध्ये अर्धा तास मोकळा ठेवाच, लग्नसराईत सुद्धा, जीव मेटाकुटीला येत नाही मग.

दूध काढून ठेवणार असाल तर २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ते ४ तास चालतं, पण आपल्याकडे एप्रिल-मेचा उकाडा बघता काढलं की सरळ फ्रिजमध्ये, तिथे ४ दिवस टिकतं. डब्यावर तारीख-वेळ लिहायची, सासूबाईंना पण सोपं जातं.

आणि हे मात्र मनावर घ्या, केराटिन, स्मूदनिंग (केस सरळ-मऊ करायच्या ट्रीटमेंट) चालू असताना बाळ पार्लरमध्ये नकोच, बऱ्याच प्रॉडक्टमधून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू निघतो. मी तर ते काम सध्या बंदच ठेवलंय, थोडे कस्टमर गेले पण जाऊदेत. बाळाला घ्यायच्या आधी हात साबणाने धुवा, ॲप्रन काढा.