पाहुणे यायच्या आधीच जेवण ठरवा
ताडोबाजवळच्या आमच्या होमस्टेत पाहुणे दारात आल्यावर कळायचं, कुणी जैन आहे. तोवर कांदा-लसणाची भाजी चुलीवरून उतरलेली असायची. आता गूगल फॉर्ममध्येच विचारते.

१. जेवण कोणतं? तिखट किती, हा प्रश्न वेगळा ठेवा. आपलं मध्यम बाहेरच्यांना झणझणीत लागतं. दोन्ही उत्तरं सक्तीची करा.

२. सफारी आहे का? 'हो' म्हटलं तरच गेट आणि वेळेचा विभाग उघडावा. प्रश्नाखालच्या तीन टिंबांत ती सोय आहे. पहाटे निघणाऱ्यांचा डबा त्यावरूनच ठरतो.

तारखेच्या प्रश्नाखाली लिहाच: मंगळवारी ताडोबाचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग बंद.

आधार कार्डाचा फोटो मात्र फॉर्मवर मागू नका. आल्यावर मूळ कार्ड पाहा.