ड्रम काढून डिस्क बसवताय? आधी पुशरॉडची फट

माझी गाडी 1968 ची शेव्हरले शेव्हेल मालिबू, 307 घनइंची इंजिन, चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम ब्रेक. पुढे डिस्क ब्रेक बसवले आणि डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर, ऑगस्टमधल्या जुन्या गाड्यांच्या क्रूझच्या गर्दीत, पुढच्या दोन्ही चाकांतून धूर काढला. मी मुद्दाम टायर जाळतोय असं वाटून लोकांनी मोबाइल बाहेर काढले. शेवटी एका पाँटिअ‍ॅक गाडीवाल्या आजोबांनी मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) दोन नट दोन-दोन आटे सैल केले आणि चाकं मोकळी. पुशरॉड, म्हणजे पेडलपासून मास्टरच्या पिस्टनला ढकलणारा दांडा, लांब होता. मीच केलेला.

खर्च कमी ठेवायचा तर डिस्क फक्त पुढे. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, बहुतेक काम तीच चाकं करतात. भोकं पाडलेल्या, खाचा मारलेल्या डिस्क दिसायला छान, पैसे वाचवा. मागे ड्रमच राहू द्या, पण शू (ड्रमला आतून घासणारे) आणि त्यांना ढकलणारे व्हील सिलिंडर नवे घाला. जुन्या शूच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, हवेच्या पाइपने उडवू नका, ओली करून पुसा. पायाचा जोर वाढवणारा बूस्टरही मी टाळला. शेव्हेलच्या पेडलला दोन भोकं असतात, बूस्टर नसेल तर रॉड वरच्या भोकात. एक इंच बोअरचा मास्टर पुरतो, पाय थोडा जोरात दाबावा लागतो, इतकंच.

गाडी 1966 ची किंवा त्याआधीची असेल तर मास्टर बहुधा एकाच टाकीचा असणार. डिस्कचं नंतर बघा, आधी दोन कप्प्यांचा घाला. एकाच टाकीवर एक पाइप फुटला की पेडल जमिनीला टेकतं आणि चारही चाकांचे ब्रेक जातात. ड्रमचा जुना मास्टर डिस्कला चालवू नका: पुढच्या चाकांचा कप्पा लहान पडतो, शिवाय ड्रमसाठी थोडा दाब धरून ठेवणारा व्हाल्व डिस्कचे पॅड घासत ठेवतो. मागच्या ड्रमसाठी दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हाल्व हवाच, नाहीतर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी फिरते.

किट मागवण्याआधी चाकं तपासा. ड्रमवाली 14 इंची चाकं कॅलिपरला (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) घासू शकतात, आणि मग किटमध्ये वाचवलेले पैसे चाकांत जातात. रबरी होज नवे. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो, आतून सुजून ऑइल अडवतो. मिशिगनच्या मिठाने लोखंडी पाइप खाल्ले असतील तर तांबे-निकेलचा पाइप घ्या, हाताने वळतो. टोकाला डबल फ्लेअर, म्हणजे टोक पसरवून दुहेरी दुमडलेलं. कम्प्रेशन जोड (फ्लेअर न करता नुसता नट आवळून बसवलेला) ब्रेकला लावणार असाल तर गाडी चालवू नका. हेही लागेल: फ्लेअर नटचा पाना, जॅक स्टँड, नव्या कॉटर पिना, तांब्याचे नवे वॉशर.

आता पुशरॉड. पाय काढला की मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे यायला हवा, तेव्हाच टाकीकडचं बारीक भोक उघडतं आणि तापून फुगलेलं ऑइल तिथून परत जातं. रॉड किंचित लांब असला तरी भोक बंद राहतं: ऑइल फुगतं, पॅड डिस्कला धरून ठेवतात, आणखी तापतात. म्हणून पेडल वर सोडलेलं असताना रॉड हाताने जेमतेम एक मिलिमीटर खुळखुळला पाहिजे. माझं पेडल खाली जात होतं म्हणून मी रॉड दोन आटे लांब केला. मूर्खपणा! पेडल खाली जात होतं ते पाइपातल्या हवेमुळे. पेडल खाली जातंय? हवा काढा, मागचे शू अ‍ॅडजस्ट करा, रॉडला हात लावू नका. खात्री करायची तर टाकीचं झाकण काढा आणि कोणाला तरी पेडल अगदी हळू दाबायला सांगा. सुरुवातीलाच ऑइलवर छोटी बुडबुड्यासारखी उसळी दिसली की भोक उघडं आहे. माझा मुलगा पेडलवर होता, ‘बाबा, किती वेळ?’ चालू होतं. मी वाकून बघितलं, काही उसळत नव्हतं, तरी झाकण लावलं. चेहरा लांब ठेवा, ऑइल डोळ्यात उडतं, गाडीचा रंगही खातं.

कॅलिपर डावे-उजवे उलटे लागले तर हवेचं निपल (जिथून हवा काढतात) खाली येतं आणि हवा कधीच निघत नाही. निपल वर. मास्टर आधी व्हाइसमध्ये धरून हवा काढून घ्या. मग चाकांची हवा, मास्टरपासून लांबचं चाक आधी. ब्रेक ऑइल डॉट 3 किंवा 4, सिलिकॉनचं डॉट 5 त्यात मिसळू नका. नव्या डिस्कवरचं तेल पुसा.

नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर ताशी 50 मैलांवरून 10 पर्यंत ब्रेक मारा, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता. मग थंड होऊ द्या. घरी आल्यावर पुढची चाकं उचलून हाताने फिरवा, आणि रॉड पुन्हा एकदा खुळखुळवून बघा.