शेवंड पास्ता घरी करताय? या चुका टाळा

शेवंडीचा (म्हणजे लॉबस्टरचा) भाव केला, मासळीवाल्या मावशींकडून ती साफ करून घेतली आणि फक्त शेपटीचं मांस पिशवीत घेऊन बाजारातून निघालात, तर लॉबस्टर पास्त्याचा अर्धा खेळ तिथंच संपला. शेवंडीचा स्वाद आणि रंग मांसापेक्षा डोक्यात आणि कवचात कितीतरी जास्त असतो. मांस गोडसर आणि नाजूक, त्याच्या एकट्याच्या जिवावर सॉस उभा राहत नाही. मग सॉस फिका लागतो म्हणून त्यात लाल तिखट पडतं, केचप पडतं, पिझ्झासोबत आलेल्या ओरेगॅनोच्या साठवलेल्या पुड्या पडतात. एवढं करूनही चव येईना, म्हणून मांसच वीस मिनिटं सॉसमध्ये रटरटत ठेवलं जातं, आणि ताटात येतं ते चपलेचं रबर. कवचाला भरपूर वेळ हवा आणि मांसाला जेमतेम दोन-तीन मिनिटं. घरचा शेवंड पास्ता बिघडतो तो बहुतेक वेळा ही वाटणी उलटी झाल्यामुळे.

बाजारातल्या चुका

ससून डॉक, भाऊचा धक्का, क्रॉफर्ड मार्केट, माहीमचं सिटीलाइट मार्केट, वर्सोवा. मुंबईत शेवंड या सगळीकडे दिसते, पण रोज दिसेलच असं नाही. नेहमीच्या मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवावं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ‘एकदम ताजी’ म्हणून जे पुढे केलं जातं ते बर्फातलं किंवा कोल्ड स्टोरेजमधलं असण्याची शक्यता मोठी. तेव्हा सरळ कोळंबीचा पास्ता करावा किंवा थांबावं.

आपली शेवंड काटेरी असते, लांब मिशांची, आणि तिला नांगे नसतात. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकन किंवा युरोपियन लॉबस्टरचे, ज्याचे नांगे हाताच्या पंजाएवढे. त्यांची ‘दहा मिनिटं उकळा’ ही वेळ जशीच्या तशी उचलणं ही नेहमीची चूक. इटालियन रेसिपी शोधत असाल तर ‘आस्तीचे’ म्हणजे नांगेवाला आणि ‘आरागोस्ता’ म्हणजे आपल्या शेवंडीचा भाऊबंद, एवढं लक्षात ठेवलं तरी काम सोपं होतं.

जिवंत शेवंड उचलली की शेपूट पोटाकडे आवळून घेते. मेलेली असेल तर डोकं आणि शेपटी जिथं जुळतात तिथं बघा. सांधा ढिला पडलेला, मांस काळसर झालेलं किंवा नाकाला अमोनियाचा झटका बसत असेल तर कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका. शेवंड मेली की डोक्यातल्या पाचक रसांचं काम थांबत नाही. ते शेपटीकडे उतरतात आणि मांस पिठूळ करून टाकतात. शिजवल्यावर मांस भुसभुशीत लागलं, तर दोष गॅसचा नाही, शिळ्या मालाचा, आणि त्याला उपाय नाही. बर्फावरची घेतलीच तर डोकं आणि शेपटी तिथंच वेगळी करून घ्या. पण दोन्ही घरी आणा. ‘मावशी, डोकं टाकू नका हां, तेच पाहिजे मला’ एवढं आधी सांगायचं, कारण त्यांचा कोयता तुमच्या वाक्यापेक्षा जलद चालतो.

पोटाखाली नारिंगी अंड्यांचा घोस असलेली मादी घेऊ नका. फार लहानही नको. मुंबईच्या बाजारात जी चिखली रंगाची शेवंड जास्त येते, तिच्या निर्यातीसाठी किमान वजन ३०० ग्रॅम ठरवलेलं आहे. घरच्या खरेदीलाही तोच हिशेब लावावा. लहान शेवंडीतून मांस तसंही नावापुरतंच निघतं. दोघांसाठी ५०० ते ६०० ग्रॅमची एक किंवा ३०० ग्रॅमच्या दोन पुरतात. एकूण वजनाच्या पाव ते तिसरा हिस्सा एवढंच शेपटीचं मांस हाती येतं, हे धरूनच पाहुणे बोलवा.

घरी आणल्यावर

जिवंत शेवंड नळाच्या पाण्याच्या बादलीत सोडणं ही प्रेमापोटी केलेली हत्या. ती समुद्रातली, गोड्या पाण्यात मरते. ओल्या फडक्यात किंवा गोणपाटात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि त्याच दिवशी करा. करण्याआधी वीस-तीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवली की ती बधिर होते, मग मोठ्या सुरीने डोक्याच्या मधोमध एक झटक्यात चीर द्या. हे जमणार नसेल तर मावशींकडून करून घ्या आणि थेट घरी या, वाटेत पार्ल्याला उतरून दुसरी कामं करू नका.

दुसरी चूक हाडीमासी खिळलेली: मासळी आली की हळद, मीठ, लिंबू किंवा आगळ (कोकमाचा रस) चोळायचं. शेवंडीच्या रश्श्याला चालेल, इथं नाही. हळदीने कवचाचा केशरी रंग झाकला जातो आणि आंबटाने कच्चं मांस शिजायच्या आधीच आवळतं. करण्याआधी दहा मिनिटं नुसतं चिमूटभर मीठ पुरे.

पाठीतला काळा धागा काढायला शेपटी उभी चिरायची गरज नाही. शेवंडीचीच मिशी तोडा, जाड बुंध्याकडून शेपटीच्या टोकाखालच्या भोकात घाला, एक पीळ द्या आणि ओढा. मिशीवरच्या काट्यांना अडकून धागा अख्खा बाहेर येतो. मांस काढताना शेपटीच्या पोटाकडचा मऊ पापुद्रा दोन्ही कडांनी कात्रीने कापा. मांस चिकटून बसलं तर शेपटी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. कुकरला मात्र लावू नका. एका शिट्टीतही ती गेलीच.

फ्रोझन शेपट्या आणल्या असतील तर रात्रभर फ्रिजमध्ये सुटू द्या. गरम पाण्यात टाकून घाई केली की बाहेरून शिजतं, आत बर्फ राहतो, आणि सुटलेलं पाणी नंतर तव्यावर पसरून मांस परतण्याऐवजी उकडतं. टिपून कोरडं करा, मगच तव्यावर घाला.

सॉस: इथं घाई करू नका

डोकं उभं दुभागलं की डोळ्यांच्या मागे एक वाळूची पिशवी असते आणि कडांना पिसांसारखे कल्ले. दोन्ही काढून टाका. ते राहिले की सॉस कडवट आणि कचकचीत होतो. आतला हिरवट गर काही जण आवडीने घेतात, पण पाण्यातले विषारी घटक नेमके तिथंच साठतात, तेव्हा मी तो ठेवत नाही.

कवचाचे कात्रीने तुकडे करा आणि जाड बुडाच्या पातेल्यात ऑलिव्ह तेल आणि थोडं बटर यात मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं परता. इथंच सगळे घसरतात. कवचं थेट पाण्यात टाकून उकळलं की पाणी नुसतं मासळीचा वास धरतं. शेवंडीचा केशरी रंग अ‍ॅस्टाझॅन्थिन नावाच्या द्रव्याचा. कच्च्या कवचात ते प्रथिनाला बांधलेलं असतं, म्हणून जिवंत शेवंड मातकट दिसते. उष्णतेने ते सुटतं आणि पाण्यापेक्षा तेला-तुपात विरघळतं. तेल केशरी झालं आणि घरभर भाजक्या कवचाचा खमंग वास सुटला, की समजा काम झालं. कवचाला काळे डाग पडले तर मात्र आच जास्त झाली. ते तुकडे उचलून टाका, कडवटपणा नंतर कशानेही जात नाही.

मग बारीक चिरलेला कांदा, थोडं गाजर, मिळाली तर सेलरी. लसूण शेवटी, कारण करपलेला लसूण हा या पदार्थाचा दुसरा मोठा शत्रू. एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट परतून अर्धा कप ड्राय व्हाइट वाइन घाला. नाशिकची सॉव्हिन्यॉं ब्लां छान चालते, गोड पोर्ट वाइन अजिबात नाही. वाइन नको असेल तर पाणी आणि शेवटी थोडा लिंबाचा रस. व्हिडिओत शेफ ब्रँडी ओतून भडका उडवतो, त्याचं स्वयंपाकघर तुमच्या वन बीएचके एवढं असतं. चिमणीच्या तेलकट जाळीखाली हा प्रयोग करू नका.

कवचं बुडतील इतकं पाणी घालून मंद आचेवर पंचवीस मिनिटं. तासभर उकळून जास्त चव येत नाही, उलट खडूसारखी कोरडी चव उतरू लागते. गाळताना पळीच्या पाठीने दाबून रस काढा. कुणीतरी सांगतं की कवचासकट मिक्सरला फिरवा. कोळंबीचं कवच एकवेळ चालेल, शेवंडीचं चिलखत भांड्याचं पातं मोडेल आणि सॉसमध्ये किरचा येतील. गाळलेला रस पुन्हा आटवून अर्धा करा. मीठ अजून घालू नका, आटल्यावर ते दुप्पट बोलतं.

या रसात घालायच्या टोमॅटोचं म्हणाल तर बाजारातले हायब्रीड टोमॅटो पाणचट आणि आंबट निघतात. डब्यातले सोललेले टोमॅटो मिळाले तर उत्तम, नाही तर पिकलेले टोमॅटो उकडून, साल काढून आटवा आणि चिमूटभर साखर घाला. केचप नको. गरम मसाला, कढीपत्ता आणि कोथिंबीर तर नकोच, तो वेगळा आणि चांगला पदार्थ आहे, तो वेगळ्या दिवशी करा. तिखटासाठी सुक्या मिरचीचे थोडे तुकडे पुरतात.

सॉस बिघडला तर

क्रीम फुटलं: टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम २५ टक्के फॅटचं असतं. उकळत्या आंबट टोमॅटोत ओतलं की ते दाणेदार होणारच. गॅस बंद करून, दोन मिनिटं थांबून मग क्रीम घालायचं आणि पुन्हा उकळी येऊ द्यायची नाही. फुटलंच असेल तर गाळून घ्या, पास्त्याचं पिठूळ पाणी चमचा-चमचा घालत जोरात फेटा. बऱ्यापैकी सावरतं.

खारट झाला: बिनमिठाचा आटवलेला टोमॅटो किंवा साधं पाणी घाला आणि पास्ता कमी मिठाच्या पाण्यात उकडा. बटाटा टाकून मीठ शोषलं जातं यावर माझा विश्वास नाही.

पातळ राहिला: मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावू नका, मोठ्या आचेवर आटवा. चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरला की पुरे. पास्ता त्यात शिजताना तो आणखी घट्ट होतो.

उग्र वास आला: तेल-लसणाने तो झाकत बसू नका. अमोनियाचा वास असेल तर पातेलं रिकामं करा, पैसे गेले म्हणून पोट बिघडवू नका.

पास्ता, मांस आणि पाहुणे

पाकिटावर ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ लिहिलेली लिंग्विनी किंवा स्पॅगेटी घ्या. मैद्याचा पास्ता सॉसमध्ये दोन मिनिटांत लगदा होतो. दर १०० ग्रॅमला एक लिटर पाणी आणि लिटरला साधारण १० ग्रॅम मीठ. पाण्यात तेल घालायचं नाही, आणि उकडलेला पास्ता नळाखाली धुवायचा तर मुळीच नाही. त्यावरचा स्टार्च धुऊन टाकला की सॉस पास्त्याला धरत नाही, ताटलीच्या तळाशी तळं होतं. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी काढा, कपभर पाणी बाजूला ठेवा आणि उरलेलं शिजणं सॉसमध्ये होऊ द्या.

मांसाचे मोठे तुकडे दुसऱ्या तव्यावर बटरमध्ये दीड-दोन मिनिटं परतून बाजूला काढा. काचेसारखं दिसणारं मांस आतपर्यंत पांढरं झालं की ते झालं. थर्मामीटर असेल तर ६३ अंशांच्या आसपास. पास्ता सॉसमध्ये पूर्ण तयार झाला की शेवटच्या अर्ध्या मिनिटाला तुकडे आत घाला. वर थोडं कच्चं ऑलिव्ह तेल आणि चिरलेली पार्सली. चीज नको. इटलीत मासळीच्या पास्त्यावर सहसा चीज घालत नाहीत ते उगाच नाही, शेवंडीचा गोडवा त्याखाली दबून जातो. प्रोसेस्ड चीजचा क्यूब किसणाऱ्यांना काय सांगावं!

पाहुणे ठाण्याहून ‘निघालो’ म्हणाले की पास्ता उकळत्या पाण्यात टाकणं ही खास मुंबईची चूक. सॉस आधी करून ठेवा, मांस कच्चंच फ्रिजमध्ये ठेवा. लोकल उशिरा येवो की लवकर, बेल वाजल्यावर गॅस पेटवा. तिथून वीस मिनिटांचं काम आहे, तेवढ्यात त्यांचं पाणी आणि चहा होतो.

एक गोष्ट आमंत्रण देतानाच विचारा: कोळंबी किंवा खेकड्याची अ‍ॅलर्जी कुणाला आहे का? असेल तर शेवंडीचीही असण्याची मोठी शक्यता. ‘मी मांस नाही घेत, नुसता सॉस वाढ’ हे चालत नाही. अ‍ॅलर्जी करणारं प्रथिन शिजवून नष्ट होत नाही आणि कवचाच्या रसात ते असतंच. त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात साधा टोमॅटोचा पास्ता करा.

उरलेला शेवंड पास्ता मायक्रोवेव्हमध्ये गरम केला की मांस पुन्हा रबर. म्हणून एकत्र करतानाच खाणाऱ्यांपुरता करा. कवचाचा जास्तीचा रस मात्र फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने छान राहतो, पुढच्या वेळी कोळंबीच्या पास्त्याला तोच वापरा. आणि गाळून उरलेली कवचं रात्री ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. मुंबईच्या दमट हवेत सकाळपर्यंत शेजारचे शाकाहारी काका बेल वाजवतील. डब्यात घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी कचरेवाला आला की थेट त्याच्या हातात द्या.