युरोपात रात्रीची स्लीपर गाडी पकडताना: आधी आपला डबा गाठा

तिकीट कुठून काढायचं, बॅगेत काय भरायचं, यावर भरपूर लिहून झालंय. लोक अडकतात ते गाडी सुटायच्या आधीच्या दहा मिनिटांत, फलाटावर. त्यामुळे आधीच्या पायऱ्या भराभर उरकतो.

तारीख. गाडी 00:20 ला सुटणार असेल, तर तारीख बदललेली असते. 12 तारखेची 00:20 ची गाडी म्हणजे 11 तारखेला रात्री जेवून स्टेशनवर जायचं. 12 च्या रात्री गेलात, तर तुमची गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली असते. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या गाडीचं तिकीट काढताना हे मोठ्याने वाचून बघा.

स्टेशन. शहराच्या नावावर जाऊ नका, तिकिटावरचं स्टेशनचं पूर्ण नाव वाचा. पॅरिसहून नीसला जाणारी रात्रीची गाडी ऑस्तरलित्झवरून सुटते, लंडनहून स्कॉटलंडला जाणारी यूस्टनवरून. या दोन्ही शहरांत मोठी स्टेशनं अर्धा डझन तरी आहेत.

फलाट. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये छापील वेळापत्रकाचा पिवळा कागद सुटणाऱ्या गाड्यांचा आणि पांढरा येणाऱ्यांचा. घाईत पांढऱ्यासमोर उभं राहून आपली गाडी शोधणारी माणसं नेहमी दिसतात. छापील फलाट हा फक्त अंदाज समजा, शेवटचा शब्द इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा. आणि बोर्डावर गावाचं नाव न शोधता गाडीचा नंबर शोधा. कारण पुढे सांगतो.

डबा. खरी गोम इथे आहे. सुरुवातीला मलाही हाच टप्पा सगळ्यात जड गेला.

युरोपातल्या बऱ्याच रात्रीच्या गाड्या ही एक गाडी नसतेच. निघताना एकत्र जोडलेले डबे रात्रीत कुठेतरी सुटे होतात आणि वेगवेगळ्या गावांना जातात. लंडनहून निघणारी कॅलेडोनियन स्लीपरची ‘हायलँडर’ घ्या. पहाटे एडिनबरात तिचे तीन भाग होतात: एक अ‍ॅबर्डीनला, एक इन्व्हर्नेसला, एक फोर्ट विल्यमला. त्याच कंपनीची ‘लोलँडर’ कार्स्टेर्सला फुटते, अर्धी ग्लासगोला आणि अर्धी एडिनबराला. हे सगळं तुम्ही झोपेत असताना होतं. म्हणजे गाडी बरोबर, फलाट बरोबर, पण डबा चुकीचा, तर सकाळी उठाल ते भलत्याच गावात. बोर्डावर जागा कमी असते, म्हणून अशा गाडीचं कधीकधी एकच गाव दिसतं आणि ते तुमचं असेलच असं नाही. नंबरावरून शोधा म्हटलं ते यासाठी.

आता डबा ओळखायचा कसा? जर्मन भाषेच्या प्रदेशात लांब फलाटांचे ए, बी, सी असे विभाग पाडलेले असतात आणि ती अक्षरं फलाटावर वर टांगलेली दिसतात. कुठला डबा कुठल्या विभागासमोर थांबेल, याचा तक्ता फलाटावर, बोर्डावर किंवा रेल्वेच्या अ‍ॅपमध्ये असतो. तो बघून आपल्या अक्षराखाली जाऊन उभं राहायचं. लांब गाडीच्या एका टोकापासून दुसरं टोक म्हणजे सामानासकट चांगली पायपीट असते, आणि मधल्या स्टेशनवर गाडी मोजकी मिनिटं थांबते.

पण तक्त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. म्युनिक, झ्युरिक, मिलानसारख्या स्टेशनांत रूळ संपतात. गाडी ज्या बाजूने आत येते त्याच बाजूने बाहेर पडते. अशा प्रवासात डब्यांची दिशा उलटते. कधी गाडी मुळातच उलटी लावलेली येते. तशी घोषणा होते, पण स्थानिक भाषेत आणि गाडी समोर आल्यावर. फलाटावरची माणसं अचानक विरुद्ध दिशेने पळू लागली, की समजून जा.

डब्यांचे नंबर 1, 2, 3 असे क्रमाने असतील ही अपेक्षाही सोडा. रात्रीच्या गाड्यांत ते बहुधा तीन आकडी असतात आणि एका भागाचे नंबर संपून पुढच्या भागाचे सुरू होताना मध्ये मोठी उडी असते. 260 च्या पुढचा डबा 301 निघाला, तर गोंधळू नका. बहुतेक तिथेच गाडी फुटणार असते.

शेवटची खात्री दारापाशी. दाराजवळच्या पाटीवर किंवा काचेत लावलेल्या कागदावर तीन गोष्टी असतात: गाडीचा नंबर, डब्याचा नंबर आणि तो डबा शेवटी कुठे जाणार ते स्टेशन. तिन्ही जुळल्याशिवाय पाय वर ठेवायचा नाही. दारात अटेंडंट उभा असेल, तर तिकीट दाखवून आपल्या गावाचं नाव घ्या. “हीच गाडी ना?” असं विचारू नका, तो “हो” म्हणेल आणि ते खरंही असेल.

एक सल्ला मात्र ऐकून माझं डोकं फिरतं: “कुठल्याही डब्यात चढा, आतून जाता येतं.” येतं कधीकधी. स्लीपरच्या डब्यात एका कडेने चिंचोळा बोळ असतो, त्यात दोन बॅगवाली माणसं समोरासमोर आली की कुणालातरी मागे सरकावंच लागतं. त्यातून बैठे डबे आणि स्लीपर यांच्यामधलं दार बरेचदा कुलूपबंद असतं. हा मार्ग फक्त एकाच वेळी वापरायचा: शिट्टी झाली आहे आणि गाडी हातची जाते आहे. मग मिळेल त्या दारातून आत शिरा, पण तिथेच बूड टेकू नका. पहिल्या भेटेल त्या कर्मचाऱ्याला तिकीट दाखवा आणि गाडी फुटण्याआधी आपल्या डब्यात पोचा.

चढणं. जुन्या डब्यांच्या पायऱ्या उभ्या आणि अरुंद. आधी बॅग वर, मग तुम्ही.

आत गेल्यावर. बर्थचे नंबर कप्प्याच्या दाराबाहेर लिहिलेले असतात. अटेंडंट तिकीट मागून रात्रभर स्वतःकडे ठेवू शकतो, सकाळी परत देतो. त्यावरून वाद घालू नका. नाइटजेटच्या, म्हणजे ऑस्ट्रियन रेल्वेच्या रात्रीच्या गाड्यांच्या, स्लीपरमध्ये न्याहारीची यादी मिळते, तिच्यातल्या सहा गोष्टींवर खूण करायची. दार आतून दोन्ही कड्यांनी लावा.

मध्यरात्री गाडी बराच वेळ थांबली, तर पाय मोकळे करायला खाली उतरू नका. त्याच वेळी डबे काढाजोड चाललेली असते आणि तुमचा डबा जाग्यावर राहील याची हमी नाही. शौचालयाला जातानाही आपल्या भागाबाहेर भटकू नका.

स्लीपरमध्ये, तसंच कुशेतमध्ये (चार-सहा जणांच्या साध्या बर्थच्या कप्प्याला कुशेत म्हणतात), उतरायच्या आधी अटेंडंट उठवतो. बैठ्या डब्यात कुणी उठवत नाही, तिथे अलार्म आपला आपण लावायचा.