सोलापूरचा ‘डेंजर’ पोरगा: चार पानांची कॉमेडी मांगा कशी काढायची

‘एंजल डेन्सेत्सु’ वाचली नसेल तर आधी ती वाचा. नोरिहिरो यागीची मांगा (म्हणजे जपानी कॉमिक), जपानमध्ये १९९२ ते २००० मासिक शोनेन जंपमध्ये चालली, १५ खंड झाले. पुढं ‘क्लेमोर’ काढली तोच हा यागी. हिरोचं नाव कितानो, मन देवमाणसाचं आणि तोंड बघून गुंड पळतात, आणि गंमत म्हणजे लोक आपल्याला घाबरतात हे त्या बिचाऱ्याला कळतच नाही. आता हाच साचा घेऊन सोलापुरात आपली स्वतःची चार पानं कशी काढायची ते सांगतो. कॉपी मारायची नाही हां, मेकॅनिझम तेवढा उचलायचा.

तर मेकॅनिझम असा आहे, की गैरसमज दोन्ही बाजूनं पाहिजे. बरेच जण फक्त एक बाजू काढतात, पोरगा भयानक दिसतो, लोक पळतात, संपलं, दुसऱ्या पानावर जोक शिळा. पण पोरगा त्या पळण्याचा काय अर्थ लावतो, खरी मजा तिथं आहे. समजा आपला सिद्धाराम बार्शीहून सोलापूरला डिप्लोमाला आलाय. नव्या पेठेत एका मावशींची पिशवी रिक्षाजवळ पडली, हा “ओ मावशी, थांबा की!” म्हणत मागं धावला. मावशी किंचाळून रिक्षात, रिक्षावाला मीटर-बिटर न बघता सुसाट, जाता जाता मावशी म्हणतात “पिशवी ठेव बाबा तुलाच!” पिशवीत अर्धा किलो शेंगाचटणी. आणि सिद्धाराम रस्त्यात उभा, डोळ्यात पाणी, “सोलापूरची माणसं लै दिलदार राव.” एकच प्रसंग, दोन अर्थ, दोन्ही आपापल्या जागी शंभर टक्के पटणारे. हे जमलं तर चित्र जरा वाकडं आलं तरी चालतं.

स्क्रिप्ट आधी कागदावर लिहा. प्रत्येक प्रसंगाला तीन ओळी: त्यानं खरं काय केलं, बघणाऱ्याला काय वाटलं, त्याला स्वतःला काय वाटलं. तिसरी ओळ सुचत नसेल तर तो प्रसंग सरळ फेकून द्या.

आता तोंड. कितानोला भुवया नाहीत, बुबुळं बारीक, चेहरा पांढराफटक, केस मागं चोपडलेले, म्हणजे भीती सगळी दोन-चार रेषांच्या कामावर आहे. तुम्ही पण तेवढ्यातच खेळा: बुबुळ टिंबाएवढं करा, डोळ्यांखाली उभ्या बारीक रेघा मारा, उजेड खालून पाडा. काळा रंग, जखम, अपंगत्व, जातधर्माची खूण असलं काही ‘भयानक दिसतो’ म्हणून वापरू नका बे, मग हसू घाबरणाऱ्यावर न येता पोरावर येतं आणि सगळी मांगाच मेली. आणि तो स्वतः एकटा असेल त्या चौकटीत पण तोंड तेच ठेवा. गोड करायचा मोह होतो, करायचं नाही, गोडवा फक्त त्याच्या मनातल्या वाक्यात.

पानांचा क्रम: मूळ मांगा उजवीकडून डावीकडं वाचतात, मराठी आपण डावीकडून उजवीकडं, तर चौकटी पण तशाच लावा, उगाच स्टाईल मारायला गेलात तर वाचणारा उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचतो. तोंड पहिल्यांदा दाखवायचं ते पान उलटल्यावर, पहिल्याच मोठ्या चौकटीत. त्याच्या आधीच्या पानावर नुसती पाठ, नाहीतर बूट.

बोलण्याचा बबल (गोल) आधी की आतली अक्षरं आधी? अक्षरं. आपल्याकडं वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, त्यामुळं दोन ओळींत जागा जास्त लागते, आधी लिहा मग भोवती गोल काढा. A4 कागद, पेन्सिल, काळा जेल पेन एवढं पुरतं. मोबाईलवर करायचं तर आयबिस पेंट हे चित्रं काढायचं ॲप. आवाजाला जपानी अक्षरं कशाला, खाडकन, धप्प, सटासट, आपल्याकडं ढिगानं आहेत.

अफवेला एक अख्खं पान द्या, माझं सगळ्यात आवडतं काम हेच. सोमवारी कँटीनमध्ये: “त्यानं पेन मागितला.” मंगळवारी सात रस्त्याला: “पेन हिसकावला बे.” गुरुवारी पार्क चौकात: “पेनानं भोसकलं म्हणे, बार्शीतनं तडीपार हाय.” प्रत्येक चौकटीत सांगणारा बदला आणि मागं कोपऱ्यात तोच पेन परत द्यायला रांगेत उभा असलेला सिद्धाराम बारीक दाखवा.

एक माणूस खरं ओळखणारा पाहिजे, पण चौथ्या पानाआधी नको. आपल्याकडं मेसवाल्या काकू बेस्ट. पोरगं ताटात कडक भाकरीचा तुकडा पण टाकत नाही, दुसऱ्यांची ताटं पण उचलून ठेवतं, हे त्यांनी रोज बघितलंय, त्यांना तोंडाशी काय देणंघेणं. “आमटी घे की अजून, लाजतोस काय?” एवढं एकच वाक्य द्या, भाषण नको.

पुढचा भाग काढायचा तर गड्डा यात्रेत न्या, जानेवारीतली होम मैदानावरची गर्दी, हरवलेलं पोर सिद्धारामच्या खांद्यावर मजेत भजी खातंय आणि पोराचे आईबाप पोलिसांना घेऊन धावत यायलेत.

झालं की मित्राला नुसतं वाचायला द्या, काही समजावू नका. “हा चांगला हाय का वाईट?” असं त्यानं विचारलं तर पहिलं पान परत काढा.