बोटीतलं रबर एका दिवसात फाटत नाही: या चुका टाळा

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोट वर ओढली की इंजिन खोलतात, पंखा घासतात, रंग काढतात. रबराकडे कोणी बघत नाही. मग ऑगस्टात देवगडबाहेर कुलिंगचा पाइप फुटतो आणि तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणतो, "अचानक गेला, हो!"

तसाच एक फुटका पाइप गेल्या हंगामात माझ्या हातात आला. सरळ धरला तर गुळगुळीत. बोटांनी वाकवला, तर बाहेरच्या अंगावर केसासारख्या चिरा एकामागोमाग उघडल्या, सगळ्या ताणाच्या आडव्या. हवेतला थोडासा ओझोनसुद्धा ताणलेलं रबर असंच चिरतो. सैल पडलं की चिरा मिटतात. म्हणून पहिली चूक म्हणजे रबर न वाकवता तपासणं.

दुसरी चूक, क्लिप पिळून आवळणं. खाऱ्या पाण्याने रबराचं फारसं बिघडत नाही, पण क्लिप गंजते आणि तिची कड रबरात रुतते. तिथूनच चीर चालू लागते, इंजिनाच्या प्रत्येक धक्क्याला थोडी पुढे. नैसर्गिक रबरात सुरुवातीची चीर दुप्पट खोल असेल, तर आयुष्य साधारण निम्मं होतं. ताण दुप्पट झाला तर हिशेब फार वाईट. रबरात साठणारी ऊर्जा चौपट होते, चीर वाढण्याचा वेग त्या ऊर्जेच्या वर्गाने, म्हणजे सोळा पट. रिवलिन आणि थॉमस या शास्त्रज्ञांनी 1953 मध्ये फाटण्याचा हिशेब ऊर्जेवर मांडला, त्याच वाटेने हे गणित पुढे आलं. पाइप दोन बोटं आखूड कापून ओढून बसवू नका, ते यासाठीच.

फाउंडेशन रबराचा, म्हणजे इंजिन ज्या रबरावर बसतं त्याचा, नट ढिला ठेवणंही महागात पडतं. ताणलेल्या नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या साखळ्या चिरेच्या टोकाशी स्फटिकासारख्या रचल्या जातात आणि चीर अडवतात. ढिल्या नटाने ताण इंजिनाच्या दर धक्क्यानंतर पूर्ण शून्यावर आला की ही रचना विरघळते. थोडा ताण कायम राहिला तर तेच रबर जास्त टिकतं.

डिझेलच्या फडक्याने रबर पुसू नका. चमकतं खरं, पण नैसर्गिक रबर डिझेल पिऊन फुगतं, मऊ पडतं. तेलाजवळ नायट्राइल, म्हणजे तेलाला टिकणारं कृत्रिम रबर घ्या. आणि चिरेवर टेप गुंडाळून समुद्रात जाऊ नका, आतली चीर टेपखाली चालतच राहते. पाइप बदला, जुना खुणेसाठी जपून ठेवा, नवा त्याच लांबीचा कापा.